असूडाचे पाचवे प्रकरण आणि ओल्या सोयाबीनचा भाव

निलंग्यातल्या एका अडत दुकानात मी बावीस वर्षे मुनिमी केली. पट्ट्या लिहिणे हे माझे मुख्य काम. माल कोणाचा, पोती किती, वजन किती, हमाली-तोलाई वजा जाता हातात किती, एवढ्या चार-पाच रकान्यांत शेतकऱ्याचे अख्खे वर्ष बसत असे. वाचनाचा नाद त्याच काळातला. दुकानाचे शटर खाली आले की वाचनालय गाठायचे. बारावीपुढे माझे शिक्षण झालेले नाही, त्यामुळे काय आधी वाचावे आणि काय नंतर, हे सांगणारे कोणी नव्हते; हाती येईल ते वाचले. महात्मा फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ असाच समग्र वाङ्मयाच्या जाड खंडात सापडला. तेव्हापासून सात-आठ वेळा तरी वाचला असेल. या लेखात त्या पुस्तकाच्या निमित्ताने एक तक्रार मांडायची आहे. ती पुस्तकाबद्दल थोडी आणि आपण ते ज्या पद्धतीने वाचतो त्याबद्दल बरीच आहे.

असूड १८८३ साली लिहून पूर्ण झाला. प्रस्तावनेच्या आरंभीच्या ओळी आज शाळांच्या भिंतींवर रंगवलेल्या आहेत, त्यामुळे पुस्तक न वाचलेल्यालाही त्या पाठ असतात. पहिले प्रकरण जन्मापासून मरणापर्यंत धर्माच्या नावाने होणाऱ्या लुबाडणुकीचे. दुसरे गोऱ्या अंमलदारांच्या ऐषआरामाचे आणि त्यांच्या आडोशाने कचेरीतले कामगार शेतकऱ्याला कसे नाडतात त्याचे. तिसऱ्यात इतिहासाची मांडणी आणि करांचे ओझे. चौथ्यात शेतकऱ्याची व शेतीची त्या वेळची स्थिती. पाचव्याच्या पूर्वार्धात ब्राह्मणांना सूचना आणि उत्तरार्धात सरकारने काय उपाय करावेत त्याचे विवेचन. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधू’त यातली पहिली दोन प्रकरणे छापून आली आणि पुढची छापायची राहिली. अर्धवट वाचले जाण्याचे भोग असे पहिल्यापासूनच या पुस्तकाच्या वाट्याला आले.

ते भोग अजून संपलेले नाहीत. दर एप्रिलात आणि नोव्हेंबरात आमच्याकडे व्याख्याने होतात. मी बहुतेकांना हजर असतो. वक्ते पहिल्या तीन प्रकरणांवर तास-दीड तास बोलतात, चौथ्यातल्या शेतकऱ्याच्या घराचे वर्णन सांगताना काहींचा गळा दाटून येतो, आणि पाचव्याचा उत्तरार्ध ‘जोतीरावांनी शेतीसुधारणेचे अनेक उपायही सुचवले’ अशा एका वाक्यात उरकला जातो. अभ्यासकांचे लेख वाचले तरी थोड्याफार फरकाने तेच. पहिली चार प्रकरणे म्हणजे विचार आणि पाचवे म्हणजे जुन्या काळचे कृषिखात्याचे पत्रक, असा काहीतरी समज असावा. मला हा समज चुकीचा वाटतो.

त्या उत्तरार्धात काय आहे ते आधी सांगतो. डोंगराच्या उतारावरचा पालापाचोळा, गवत, मेलेले किडे यांचे कुजलेले सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाते, म्हणून जागोजाग ताली-बंधारे घालावेत. पाणी आधी शेतात मुरावे आणि उरलेले मग ओढ्याला मिळावे. हे काम फावल्या वेळात पलटणीतल्या शिपायांकडून आणि पोलिसांकडून करून घ्यावे. तळ्यांत, नद्यांत साचलेला गाळ शेतकऱ्यांना पूर्वीसारखा फुकट नेऊ द्यावा. जंगलखात्याने घशात घातलेली गायराने गावांना परत द्यावीत. पाणाड्यांकडून सगळ्या जमिनी तपासून जिथे झरा लागेल तिथल्या खुणा गावाच्या नकाशात कराव्यात, आणि विहिरी खोदणाऱ्यांना बक्षिसे द्यावीत. शेळ्या-मेंढ्यांची चांगली पैदास करावी, बैलांची जात टिकवावी. शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवावे, औत चांगले हाकणाऱ्यांच्या परीक्षा घेऊन बक्षिसे द्यावीत, परदेशातल्या शेतकीच्या शाळा त्यांना दाखवाव्यात. आणि रानडुकरे! शेतकऱ्यांना पिकाच्या राखणीसाठी बंदुका बाळगू द्यायच्या नसतील, तर राखणीचे काम पोलिसांनी करावे, आणि डुकरांनी केलेले नुकसान पोलिस अंमलदारांच्या पगारातून किंवा सरकारी खजिन्यातून भरून द्यावे.

ही यादी कोणा हौशी समाजसुधारकाची नाही. जोतीराव ठेकेदारी करत, खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला होता आणि मांजरीला त्यांची शेती होती. दगड, माती, चुना आणि पाणी यांचा हिशेब त्यांना रोजच्या धंद्यातून कळत होता. त्यातल्या कित्येक गोष्टी पुढे नवी नावे घेऊन सरकारी कागदांत आल्या. आपल्या राज्यात २०१४ च्या अखेरीस ‘जलयुक्त शिवार’ आले, २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ आले. गाळाची मागणी सरकारी योजना व्हायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. पण तेवढ्यासाठी पाचवे प्रकरण मोठे आहे असे मी म्हणत नाही. द्रष्टेपणाचे दाखले गोळा करायला मला आवडत नाही. त्यात पुस्तक वाचायचे राहून जाते.

पाचव्या प्रकरणाकडे मी वळलो तो घरच्या एका व्यवहारामुळे.

२०२० च्या ऑक्टोबरात आमच्या भागात काढणीच्या ऐन तोंडावर पाऊस कोसळला. धाकट्या भावाचे सहा एकर सोयाबीन कापून बनीम लावलेली होती. ताडपत्री होती, पण पाणी खालून शिरले. चार-पाच दिवसांनी मळणीयंत्रातून सव्वीस क्विंटल माल निघाला. नमुना घेऊन तो दुकानात आला. मॉइश्चरच्या यंत्रात दाणे टाकले तर आकडा एकोणीसवर गेला. चांगल्या वाळलेल्या मालाला त्या दिवशी चार हजारांच्या घरात भाव होता. याच्या मालाला तीन हजार तीनशे पन्नास. तो म्हणाला, “दादा, ठिवू का इकू?” मी म्हणालो, “इकून टाक. ठिवलास तर बुरशी धरंल.” मळणीवाल्याचे, मजुरांचे, खतवाल्याचे पैसे द्यायचे होते, मुलीची फी भरायची होती. पट्टी मीच लिहिली.

पुढच्या वर्षी जुलैच्या अखेरीस लातूरच्या बाजारात सोयाबीनने दहा हजारांचा टप्पा गाठला. भाऊ दुकानात आला होता, फवारणीच्या औषधासाठी उचल मागायला. फळ्यावरचा भाव त्याने वाचला, माझ्याकडे बघितले आणि पैसे मोजून घेऊन गेला. काही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते. त्या दिवाळीनंतर मी मुनिमी सोडली. कारणे दुसरीही होती, पण हे एक होतेच.

माझा सल्ला चूक नव्हता. एकोणीस टक्के ओल असलेला दाणा पोत्यात भरून ठेवला तर तो तापतो, काळा पडतो. नऊ महिने तो टिकलाच नसता. ८७ हजारांऐवजी अडीच लाख मिळाले असते हा हिशेब त्यामुळे खोटा आहे. तरीही तो माझ्या डोक्यातून जाईना. मग मी जुन्या वह्या काढल्या. दुकानात आलेल्या सोयाबीनच्या पट्ट्या तारखांप्रमाणे लावल्या. एका दुकानाच्या वह्या म्हणजे संशोधन नव्हे, हे मान्य. पण त्यांत जे दिसले ते बाजारात बसणाऱ्या कोणालाही विचारले तर सांगेल. लहान शेतकऱ्यांच्या पट्ट्या दसरा ते दिवाळी या तीन-चार आठवड्यांत दाटीने येतात. मार्चनंतरच्या पट्ट्यांवर तीच ती पंधरा-वीस नावे: मोठे बागायतदार, नोकरदार घरातले शेतकरी आणि गावोगाव खेडा खरेदी करणारे छोटे व्यापारी. २०२१ च्या जुलैत दहा हजारांचा भाव निघाला तेव्हा माल या नावांकडे होता.

म्हणून शेतीसुधारणेची चर्चा ऐकताना मला हल्ली एक चमत्कारिक अडचण येते. २०२० च्या जूनमध्ये तीन अध्यादेश निघाले, सप्टेंबरात त्यांचे कायदे झाले, दिल्लीच्या वेशीवर वर्षभर शेतकरी बसले आणि २०२१ च्या नोव्हेंबरात कायदे मागे घेतले गेले. एका बाजूचे म्हणणे, माल बाजार समितीबाहेर कुठेही विकू द्या. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, हमीभावाला कायद्याचे बळ द्या. कुठे विकायचे आणि कितीला विकायचे, हे दोन्ही प्रश्न खरे आहेत. पण माझ्या भावाला त्या ऑक्टोबरात दोन्ही पडलेच नव्हते. बाजाराबाहेर विकायला त्याला कोणी अडवले नव्हते; आमच्याकडे खेडा खरेदी कायद्याची वाट बघत कधीच थांबली नाही. हमीभाव त्या वर्षी ३,८८० रुपये जाहीर होता, पण तो १२ टक्क्यांपर्यंत ओल असलेल्या मालाला. त्याला थांबता येत नव्हते, एवढेच त्याच्या बाबतीत खरे होते.

हे लक्षात आल्यावर मी असूड पुन्हा वाचला आणि पुस्तक मला वेगळे दिसले. तिसऱ्या प्रकरणात एक गाडी आहे. शेतकरी माळवे भरून शहरात आणतो, जकात देतो, दलालाच्या हाती सापडतो आणि भाडेही न सुटता रिकाम्या हाताने घरी परततो. पूर्वी ही गाडी मी जकातीच्या जुलमाचे उदाहरण म्हणून वाचत होतो. आता वाटले, यातली मेख भाजीत आहे. भाजी संध्याकाळपर्यंत विकलीच पाहिजे आणि हे दलालाला ठाऊक आहे. चौथ्या प्रकरणात साहेबाच्या तंबूतून हात हलवत परत आलेला शेतकरी झाडाखाली बसून स्वतःशी बोलतो. सारा वाढला, आणि सारा भरायची तारीख त्याच्या हातात नाही. दोन्ही ठिकाणी माणूस दुसऱ्याच्या घड्याळावर चालतो आहे. आणि मग पाचवे प्रकरण येते, त्यात घड्याळाचा उल्लेख नाही, भावाचाही उपाय नाही. बंधारा, गाळ, विहीर, शेळी-मेंढी, बैल, गायरान. हे सगळे शेतकऱ्याला सवड मिळवून देणारे आहे. विहिरीला पाणी असेल तर एक पीक गेले तरी दुसरे घेता येते. दावणीला चार शेळ्या असतील तर मळणीवाल्याचे पैसे एक शेळी विकून भागवता येतात आणि रास घरात ठेवता येते. जोतीरावांनी हे या शब्दांत कुठेही मांडलेले नाही, हे मी कबूल करतो. पण पहिल्या चार प्रकरणांतल्या दुखण्याला पाचव्यातले औषध लावून पाहिले तर असेच दिसते.

निलंग्याचा आणि असूडाचा संबंध काय, असे कोणी विचारील. आम्ही १९४८ पर्यंत निजामाच्या मुलखात होतो, जोतीराव लिहीत होते ते इंग्रजी अमलातल्या पुण्या-जुन्नरच्या कुणब्याबद्दल. पण सालारजंगांच्या काळात मराठवाड्यातही मुंबई इलाख्याच्या धर्तीवर पाहणी आणि साऱ्याचा बंदोबस्त सुरू झाला होता. रोख सारा आला की सावकार येतोच. राज्य कोणाचे याला फारसे महत्त्व नसते.

आता शरद जोशींकडे येतो, कारण आमच्या पिढीला शेतीचा विचार असूडाआधी त्यांनी शिकवला. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून ते परत आले, आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली, १९७८ च्या चाकणच्या कांद्यापासून आंदोलन उभे राहिले. शेतमालाला उत्पादन खर्चावर आधारित रास्त भाव, या एककलमी मागणीने त्यांनी शेतकऱ्याला लाजेतून बाहेर काढले. गरिबीचे कारण तुझा आळस नाही, तुझे लग्नातले खर्च नाहीत, तुझे अज्ञान नाही. सरकार भाव पाडते म्हणून तू गरीब आहेस. हे ऐकताना आमच्या गावच्या पारावर म्हातारी माणसे मान डोलावत होती, ते मी लहानपणी पाहिले आहे. असूडाच्या शताब्दीच्या निमित्ताने जोशींनी ‘शेतकऱ्याचा असूड : शतकाचा मुजरा’ ही पुस्तिका लिहून जोतीरावांशी आपले नातेही सांगितले.

२०२१ च्या प्रकरणात जोशी खरे ठरले, असेच म्हणावे लागेल. भाव दहा हजारांवर गेला आणि केंद्र सरकारने ऑगस्टमध्ये १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. डिसेंबरात सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे बंद केले आणि ती बंदी पुढे वाढवत नेली. भाव चढला की सरकार हात घालते, पडला की बघत बसते, हे त्यांचे म्हणणे एका हंगामात डोळ्यांसमोर घडले. पण जोशींच्या मांडणीत एक गृहीत आहे. सरकार बाजूला झाले की वाढलेला भाव शेतकऱ्याच्या घरात जाईल, असे ते धरून चालतात. माझ्या वह्या सांगतात की सरकारने काहीच केले नसते तरी त्या जुलैचा भाव माझ्या भावाच्या घरात गेला नसता. तिथे पोहोचायला मधल्या नऊ महिन्यांचा पूल लागतो. भाववाद्यांच्या भाषणांत तो पूल नसतो.

गंमत अशी की जोशींच्या लिखाणात तो आहे. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर त्यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम दिला, नवऱ्याने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा. १९९१ मध्ये शेगावला ‘चतुरंग शेती’ मांडली: सीता शेती, माजघर शेती, व्यापार शेती आणि निर्यात शेती. सीता शेती म्हणजे बाईच्या नावच्या तुकड्यात विकतच्या खता-औषधांवाचून होणारी शेती. माजघर शेती म्हणजे पिकलेल्यावर घरातच प्रक्रिया करायची, तुरीची डाळ करून विकायची, करडईचे तेल काढून विकायचे. यातली पहिली दोन अंगे मी असूडाच्या पाचव्या प्रकरणाच्या शेजारी ठेवतो. आणि यांचेही नशीब तेच झाले. जोशींचे भक्त व्यापार आणि निर्यात यांवर तासन्‌तास बोलतात. माजघराबद्दल विचारले की ‘तो बायकांचा कार्यक्रम होता’ असे उत्तर मला एका जुन्या कार्यकर्त्याने दिले. मी वाद घातला नाही. पण लातूर हे डाळ गिरण्यांचे गाव असताना निलंगा तालुक्यातला शेतकरी तूर विकून दुकानातून डाळ आणतो, हा काही बायकांचा प्रश्न नाही.

हा पूल आमच्याकडे एके काळी होता आणि तो कसा मोडला, हे सांगितल्याशिवाय वरची टीका पोकळ राहील.

सोयाबीन आमच्या भागात पसरले ते १९९३ च्या भूकंपानंतरच्या वर्षांत. त्याआधी खरिपात मूग, उडीद, संकरित ज्वारी, तूर. रब्बीत मालदांडी, करडई, हरभरा. मूग-उडीद सत्तर-पंच्याहत्तर दिवसांत, पोळ्याच्या आसपास हातात येत. त्यावर काढणीची मजुरी भागे. मग ज्वारी, ती घरात खायला आणि कडबा जनावरांना. तूर संक्रांतीच्या पुढेमागे. करडई, रब्बी ज्वारी शिमग्याच्या सुमाराला. पैसा वर्षात चार वेळा, थोडाथोडा यायचा. यात कोणी श्रीमंत झाले नाही. त्या शेतीबद्दल हळवे होण्याचे कारण नाही. संकरित ज्वारी काळी पडून मातीमोल झालेली मी पाहिली आहे, आणि सोयाबीनने लोकांना रोख पैसा दाखवला हे खरे आहे. पण सोयाबीनने चार हप्त्यांचा एक हप्ता केला, आणि तो नेमका परतीच्या पावसात आणून ठेवला. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी जनावरे गेली, जनावरे गेली तसे शेणखत गेले. आता पेरणीपासून काढणीपर्यंत प्रत्येक गोष्ट उधारीने आणायची आणि सगळ्या उधाऱ्या दसऱ्याला एकदम दारात उभ्या.

दुसरी गोष्ट घराची. माळवदाच्या जुन्या घरांत बळद असे, धान्य साठवायची भिंतीआडची बंद जागा. ज्वारीसाठी पेव असे. भूकंपाने ती घरे पाडली, माणसेही त्यांच्याखाली गेली, त्यामुळे माळवदाची बाजू घ्यायला जीभ रेटत नाही. पण पुनर्वसनात जी घरे मिळाली त्यांत दहा पोती ठेवायची कोरडी जागा कोणी धरलेली नव्हती. घराचा नकाशा काढणाऱ्याच्या लेखी शेतकरी राहतो तेवढाच, साठवत नाही.

सरकारला हे अजिबात सुचलेले नाही, असे नाही. राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासून आहे. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा टक्के व्याज, सहा महिन्यांची मुदत. कागदावर हाच तो पूल. मग तो ओलांडणारे इतके थोडे का? एक तर माल वाळलेला लागतो. ज्याच्याकडे वाळवायला अंगण नाही त्याचा माल गोदामाच्या दारातून परत. दुसरे, बारा-पंधरा पोत्यांसाठी टेम्पोभाडे परवडत नाही. तिसरे, सातबाऱ्यावर नाव लागते. बटईने करणाऱ्याचे नाव तिथे नसते. ई-पीक पाहणीत पेरा मालकाच्या नावे लागतो. सरकारी खरेदी केंद्रावरही हेच तीन अडथळे, याच क्रमाने. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ होता आणि बाजारात चार हजारांच्या आसपास भाव चालला होता. केंद्राने ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के केली ती नोव्हेंबरच्या मध्यावर. तोवर दिवाळी होऊन गेली होती, आणि आमच्या गल्लीतल्या सहा घरांपैकी पाच घरांचा माल विकून झाला होता.

डॉ. आंबेडकरांनी १९१८ साली लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला, त्यात जमीन लहान की मोठी हे एकरांवर ठरत नाही, तिच्या जोडीला भांडवल आणि साधने किती आहेत त्यावर ठरते, असे मांडले. आमच्या बाजारात याचा अर्थ फार साधा आहे. वीस एकरवाला कर्जबाजारी असेल तर तो दसऱ्याला विकतो. तीन एकरवाल्या मास्तराचे सोयाबीन मे महिन्यापर्यंत घरात असते.

आता पाचव्या प्रकरणाबद्दलची माझी तक्रार. त्यातला जवळजवळ प्रत्येक उपाय सरकारने करायचा आहे. बंधारे शिपायांनी घालावेत, बक्षिसे सरकारने द्यावीत, राखण पोलिसांनी करावी. ज्या सरकारी कामगारांची तीन प्रकरणे चामडी लोळवली, त्यांच्याच हाती पाचव्यात शेत सोपवले आहे. एवढे सगळे ओळखलेल्या माणसाने शेतकऱ्यांनी एकत्र येऊन काय करावे, याला इतकी थोडी जागा द्यावी, हे मला अजून खटकते. शिवाय मजुराचे काय? बिनजमिनीच्या माणसाला तर एक दिवसही थांबता येत नाही. त्याच्यासाठी या उपायांत, आणि माझ्या या सगळ्या विवेचनातही, फार काही नाही. कापणीचा दर वाढला की माझा भाऊ कुरकुरतो आणि मी गप्प बसतो.

गेल्या वर्षी भावाने दोन एकर सोयाबीन कमी करून मूग घेतला आणि त्या रानात रब्बीची ज्वारी केली. सोयाबीन गच्चीवर वाळवून पाच महिने ठेवले. फेब्रुवारीत विकले तेव्हा भाव चार हजार शंभर होता, म्हणजे दिवाळीसारखाच. थांबल्याने त्याला एक पैसा जास्त मिळाला नाही. फक्त मॉइश्चरची काटछाट झाली नाही आणि विकायचा दिवस त्याने ठरवला. हे एवढ्यासाठी सांगितले की, थांबले की भाव मिळतोच असा माझा दावा आहे, असे कोणी समजू नये.

ज्वारीने मात्र घोर लावला. शिवारात बाकी कोणी ज्वारी केलेली नव्हती, त्यामुळे कणसे भरली तशी सगळी रानडुकरे त्याच दोन एकरांत. पंचनामा झाला, अर्ज वनखात्याकडे गेला. जानेवारीतल्या थंडीत आम्ही दोघे आठ-दहा रात्री माळ्यावर बसून राखण केली. एका रात्री मी त्याला पाचव्या प्रकरणातला डुकरांचा आणि पोलिसांच्या पगाराचा मजकूर बॅटरीच्या उजेडात वाचून दाखवला. त्याने तो पुन्हा एकदा वाचायला लावला.

“हे कवाचं लिहिलेलं हाय, दादा?”

मी साल सांगितले. तो काही म्हणायच्या आत पलीकडच्या तुरीत खसफस झाली. त्याने पत्र्याचा डबा उचलला आणि बडवायला लागला.